हयातीचा दाखला

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्याने नळदुर्ग ओलांडले, की आठेक किलोमीटरवर जळकोट लागते. गाव तसे मोठे. पण इतिहासाच्या ग्रंथांत त्याचे नाव येते ते एकाच सकाळपुरते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पहाटे हिंदी फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या, त्यांनी नळदुर्ग घेतले आणि सकाळी नऊच्या सुमारास जळकोट ताब्यात घेऊन उमरग्याकडे जाणाऱ्या तुकडीला वाट मोकळी करून दिली. दुपारी सव्वातीनपर्यंत ती तुकडी उमरग्यास पोहोचलीसुद्धा. पुढे चार दिवसांत हैदराबादचे राज्य संपले. (उदगिराकडचे जळकोट ते वेगळे. १९५६ पासून १९८२ साली लातूर जिल्हा निराळा होईपर्यंत दोन्ही जळकोटे एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात नांदत होती. आजच्या धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले जळकोट ते हे.)

त्या सकाळच्या हकीकतीत रणगाडे आहेत, पलटणींची नावे आहेत, वेळा तर मिनिटामिनिटांच्या आहेत. माझ्या मनात मात्र नेहमी एक वेगळेच कुतूहल येते. धामधुमीत गावेच्या गावे उठून सरहद्दीकडे जातात तेव्हा मागे कोण राहते? ज्यांना चालवत नाही ते. बाजेवर पडलेली म्हातारी, दृष्टी गेलेला म्हातारा, जन्मापासून पाय नसलेला कोणाचा तरी भाऊ. बाकीचे पळतात, त्यांना पळता येत नाही. इतिहासात त्यांची नोंद होत नाही, कारण इतिहास हा बहुधा चालत्या माणसांचा असतो. दिवाळीच्या दिवसांत हा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर अभ्यंगस्नान होते, तेव्हा घरातल्या अंथरुणास खिळलेल्या माणसाला उटणे कोण लावतो, त्याला न्हाणीपर्यंत कोण उचलून नेतो आणि कोरडे करून परत कोण निजवतो, हा प्रश्न ज्या घरांत आहे त्या घरांतही हा अंक वाचला जाणार आहे. म्हणून त्या प्रश्नाचा इतिहास येथे थोडा चाळावयाचा आहे. अशा माणसांसाठी सरकारने काही करावयाचे असते काय, आणि आमच्या मुलखात ते कधी कोणी केले काय?

वृद्ध, व्याधिग्रस्त आणि अनाथ यांना राजाने पोसावे, हे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवलेच आहे. आणि शक्ती असूनही जो आपल्या आईबापांस पोसत नाही त्याला बारा पणांचा दंड करावा, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे आधी कुटुंबाला धाक, आणि कुटुंबच नसेल तेथे राजाचा हात, अशी ती दुहेरी व्यवस्था. ती कितपत अमलात आली असेल हे सोडून द्या. पण दोन हजार वर्षांनंतरच्या आमच्या कायद्यांचा सांगाडाही हाच आहे, हे पुढे दिसेलच.

आमच्या मुलखापुरते बोलावयाचे तर पहिली ठळक नोंद बहामनी काळातली मिळते. नळदुर्ग-जळकोटचा हा पट्टा तेव्हा बहामनी राज्याच्या ऐन मध्यावर होता. राजधानी गुलबर्गा आळंदच्या पलीकडे, फार दूर नव्हे. दुसरा मुहम्मदशहा बहामनी हा १३७८ ते १३९७ या काळात राज्यावर होता. लढायांपेक्षा विद्येची आवड असलेला हा सुलतान. त्याने गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ अशा शहरांत अनाथ मुलांसाठी शाळा काढल्या, मुलांच्या खाण्याराहण्याचा खर्च सरकारी खजिन्यातून चालविला, आणि अंध माणसांना तनखा बांधून दिला, असे फेरिस्ता लिहितो. फेरिस्ता हा दरबारी इतिहासकार, शिवाय दोन शतकांनंतर लिहिणारा. तेव्हा त्याच्या स्तुतीतून थोडे वजा करून घ्यावे. तरीही अंधांचा तनखा ही गोष्ट स्तुतीसाठी मुद्दाम रचावी अशी नाही. स्तुती करावयाची तर लोक किल्ले, मशिदी, हत्ती यांची करतात. फेरिस्ता विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी राहून आपला ग्रंथ लिहीत होता, त्याच राजवटीत १६१३ च्या सुमारास नळदुर्गाच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा तो सुप्रसिद्ध बांध आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहण्यास हजारो माणसे आजही तेथे लोटतात. अंधांच्या तनख्याची आठवण मात्र कोणाला नाही. दगड राहतो, तनखा वाहून जातो.

पुढे बीदर राजधानी झाल्यावर दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाने (१४३६ ते १४५८) तेथे मोठे रुग्णालय बांधले, त्याच्या खर्चासाठी गावांचा वसूल लावून दिला आणि हिंदू व मुसलमान अशा दोन्ही वैद्यांची नेमणूक केली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रुग्णालयाला गावे लावून दिली होती. म्हणजे सुलतानाची मर्जी फिरली तरी औषधपाणी बंद पडू नये, अशी तजवीज झाली होती. दान निराळे आणि तरतूद निराळी. दान देणाऱ्याच्या मनावर असते. तरतुदीला उत्पन्नाची जोड असते.

मराठेशाहीत बालपरवेशी होती. लढाईत पडलेल्या शिपायाच्या बायकामुलांना जमीन वा नेमणूक देण्याची ही पद्धत. तिच्यामागचे तत्त्व सरळ होते: ज्याने राज्यासाठी अंग झिजविले त्याच्या माणसांना राज्याने सांभाळावे. हेच तत्त्व इंग्रजांच्या फौजी पेन्शनीत आले, आणि स्वतंत्र भारतात १९७२ साली सुरू झालेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनातही आले. १९७४ साली पुण्याजवळ खडकीला पाठीचा कणा मोडलेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले, तेथे माणसे वर्षानुवर्षे राहतात आणि त्यांची शुश्रूषा होते. हे सारे योग्यच आहे. पण त्यातून एक गोष्ट सिद्ध होते. दीर्घकाळ शुश्रूषा करणे सरकारला जमतच नाही, असे नव्हे. ज्यांचे ऋण मान्य आहे त्यांच्या बाबतीत ते जमते. प्रश्न असा, की ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात ज्वारी खुडली त्याचे ऋण कोणी मान्य करावयाचे?

यावर ठरलेले उत्तर असे, की आपल्याकडे एकत्र कुटुंब होते, त्यामुळे सरकारची गरजच नव्हती. हे उत्तर मी अनेक विद्वानांच्या तोंडून ऐकले आहे. सगळे पुरुष होते. एकत्र कुटुंबाने म्हाताऱ्यांना सांभाळले हे खरेच. पण कुटुंब म्हणजे त्यातली नेमकी कोण, हे विचारले की उत्तर सुनेपाशी येऊन थांबते. सासूचे अंथरूण धुणारी, दिराला भरविणारी, रात्री तीनदा उठणारी अशी एक बाई त्या व्यवस्थेच्या तळाशी असे, आणि तिला विचारले कोणीच नव्हते. शिवाय ज्यांना घरच नव्हते त्यांचे काय? ते तुळजापूरला भवानीच्या पायऱ्यांवर, पंढरपूरच्या वाळवंटात, अक्कलकोटच्या नि गाणगापूरच्या वाटेवर बसत. आमच्या तीर्थक्षेत्रांच्या पायऱ्या हीच कित्येक शतके अपंगांची वसतिगृहे होती. यात्रेकरू शेराला पसा घालीत, पुण्य घेऊन पुढे जात.

आमच्याच भागातल्या एका घरातली गोष्ट सांगण्यासारखी आहे. घरात एक आजोबा होते. मोतीबिंदू फार पिकेपर्यंत राहिला आणि दोन्ही डोळे गेले. सगळे घर सकाळी रानात जाई. तेव्हा त्यांच्या मुलाने बाजेच्या खुरापासून दाराच्या चौकटीपर्यंत आणि तेथून परसातल्या लिंबापर्यंत एक सुती दोरी ताणून बांधली होती. आजोबा तिला धरून परसाकडे जाऊन येत. दोरीला तीन गाठी होत्या: एक उंबऱ्याची, एक पायरीची, एक रांजणाची. त्या दोरीवर त्यांनी नऊ वर्षे काढली. मुलाच्या मायेत काडीचे उणे नव्हते. पण सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात घरात दोरीवाचून दुसरे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. हे घर वाईट नव्हते, चांगले होते. वाईट घरांत दोरीही नसे.

आता इंग्रजी अमदानीकडे वळू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबासह धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली केला, आणि १८६० साली वऱ्हाड वगळून बाकीचा त्याला परत मिळाला. मधल्या वर्षांत नळदुर्गास कर्नल मेडोज टेलर कारभार पाहत होता. ‘ठगाची जबानी’ लिहिणारा तोच हा. त्याने मोजणी केली, कामे काढली, आणि लोकांत मिसळणारा अंमलदार म्हणून नाव मिळविले. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना पुढची आहे. १८७६ ते १८७८ या दोन वर्षांत दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला त्यानंतर सर रिचर्ड स्ट्रॅची याच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग बसला. त्याचा अहवाल १८८० साली आला, आणि त्यावरून १८८३ साली दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला. एरवी रुक्ष वाटणारे हे दप्तर मला फार बोलके वाटते.

दुष्काळ संहितेने माणसांचे दोन भाग पाडले. ज्यांना काम करता येते त्यांना खडी फोडणे, तलाव खोदणे अशी कामे द्यावयाची आणि मजुरी द्यावयाची. ज्यांना काम करताच येत नाही त्यांची गावात यादी करावयाची आणि त्यांना घरबसल्या फुकट मदत द्यावयाची. ही यादी गावच्या अंमलदारांनी, म्हणजे पाटील-कुलकर्ण्यांनी करावयाची आणि वरच्याने गावात येऊन ती तपासावयाची. यादीत कोण? वेडे, पांगळे, आंधळे, म्हातारपणाने वा अशक्तपणाने कमाई करू न शकणारे. आणि पाचव्या प्रकारात, आजाऱ्याजवळ किंवा तान्ह्या मुलाजवळ ज्यांना थांबणे भागच आहे अशी अन्नाला मोताद झालेली माणसे.

हा पाचवा प्रकार पुन्हा वाचण्यासारखा आहे. सरकारी कागदावर, १८८३ साली, शुश्रूषा करणाऱ्या माणसाला काम करणारा मानलेले आहे. आंधळ्या सासूपाशी जी घरी राहिली ती खडी फोडावयास येऊ शकत नाही, म्हणून तिलाही मदत द्या, असे साहेबाच्या संहितेने म्हटले. दयेपोटी म्हटले असे नाही. तसे न केले तर म्हातारी मरते, मेली की अहवालात आकडा चढतो आणि पार्लमेंटात प्रश्न येतो, हा हिशेब त्यात होता. पण हिशेबाने का होईना, सून त्या यादीत आली. नंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ती पुन्हा अशी स्पष्टपणे कोणत्या यादीत आल्याचे मला आढळत नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात, ज्यांना अधिक आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी शुश्रूषकाचा भत्ता असावा असे एक पोटकलम आले तोवर.

पण त्याच आयोगाला एक मोठी धास्ती वाटत होती, आणि ती त्याने लपविली नाही. दुष्काळात गरिबाला मदत मागण्याचा हक्क आहे असे एकदा मानले, तर तो हक्क सर्वकाळ आहे असे लोक म्हणू लागतील, आणि मग इंग्लंडातल्या गरीब-कायद्यासारखी कायमची व्यवस्था हिंदुस्थानात उभी करावी लागेल. ही कल्पनाच चिंता वाटण्याजोगी आहे, असा त्याचा अभिप्राय होता. इंग्लंडात १६०१ पासून प्रत्येक पॅरिशवर आपापल्या पंगूंचा भार होता. १८३४ नंतर ही मदत मुख्यतः ‘वर्कहाऊस’मध्ये आली आणि त्या घरांची इतकी अपकीर्ती झाली, की म्हातारी माणसे तेथे जाण्यापेक्षा उपाशी मरणे पत्करीत. तरीपण तेथे वर्कहाऊस तरी होते. येथे पाऊस पडला, पिके आली, की यादी बंद. पांगळ्याचे पाय पावसाने परत येत नाहीत, हे आयोगातल्या हुशार माणसांना कळत नव्हते असे कसे म्हणावे?

निजामाच्या मुलखातही १८९९-१९०० च्या दुष्काळात गरीबखाने उघडले गेले, कामे निघाली, आणि ओसरल्यावर बंद झाली. राज्य कोणाचेही असो, पद्धत तीच.

कायमची सोय जेथे झाली तेथे तिला भिंत आली. मुंबईत रस्त्यांवर फिरणाऱ्या महारोग्यांची नागरिकांना भीती वाटू लागली, तेव्हा म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी १८९० साली माटुंग्याला त्यांच्यासाठी आश्रम काढला. १८९८ साली कायदा होऊन भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून अशा ठिकाणी ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथे वेड्यांची इस्पितळे झाली. १९५९ साली मुंबई राज्याने भिक्षाप्रतिबंधक कायदा केला. त्यात म्हातारे, लुळे-पांगळे भिकारीही भिक्षेकरीगृहात दाखल होत. या प्रत्येक संस्थेत काही कनवाळू माणसे होऊन गेली, त्यांच्याविषयी आदरच आहे. परंतु त्या निघाल्या त्या रस्त्यावरच्या माणसाची नजर विटाळू नये म्हणून. आतल्या माणसाला काय हवे, हा विचार दुय्यम. खाजगी धर्मादायांत पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० नंतरच्या दशकात अनाथ-पंगुगृह निघाले, ते ‘निवारा’ या सुटसुटीत नावाने पुणेकरांना ठाऊक आहे. नावातच फरक जाणवतो. पण एका धनिकाच्या औदार्यावर एक शहर चालेल. जळकोटला ससून कोठून आणावा?

मग स्वराज्य आले आणि राज्यघटना आली. तिच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळावे असे तत्त्व घातले आहे. अर्थात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पुस्ती जोडून. सातव्या परिशिष्टात, राज्यांच्या यादीत नवव्या क्रमांकाला, विकलांग आणि काम करण्यास असमर्थ यांना साहाय्य करणे हा विषय लिहिलेला आहे. म्हणजे जबाबदारी कोणाची याविषयी शंका उरत नाही. ती राज्य सरकारची आहे. उत्तर प्रदेशाने १९५७ साली निराधार वृद्धांना निवृत्तिवेतन सुरू केले. महाराष्ट्राने १९६३ पासून संस्थांना अनुदान देऊन वृद्धाश्रम चालविण्याचे धोरण धरले.

आमच्याकडे खरी कलाटणी मिळाली ती १९७२ च्या दुष्काळाने. त्या वर्षी उस्मानाबाद जिल्ह्यात रस्तोरस्ती खडीचे ढीग आणि त्यांवर बसलेली माणसे असे दृश्य होते. सुकडीची चव त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेली नाही. या अनुभवातून वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना पुढे आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर हे फार मोठे काम होते: स्ट्रॅची-आयोगाला ज्याची धास्ती वाटली तेच महाराष्ट्राने केले. दुष्काळी कामाचा हक्क बारमाही केला. संहितेचा पहिला भाग कायमचा झाला. मग दुसऱ्या भागाचे काय, म्हणजे ज्यांना काम करता येत नाही त्यांचे? त्यांच्यासाठी १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना निघाली. पाटलाची ती जुनी यादी अशा रीतीने शंभर वर्षांनी पुन्हा उघडली, आणि यावेळी पाऊस पडल्यावर बंद झाली नाही. टीकाकारांनी तिच्या नावाची, तिच्यातल्या वशिल्याची थट्टा केली; ती थट्टा पुष्कळदा खरीही होती. पण जळकोटसारख्या गावात, पोस्टात वा बँकेत स्वतःच्या नावावर पैसे असणे ही गोष्ट कित्येक म्हाताऱ्यांच्या आयुष्यात त्या योजनेने पहिल्यांदा घडली.

पुढची पावले थोडक्यात सांगतो. १९९५ साली केंद्राने वृद्धापकाळ निवृत्तिवेतन सुरू केले, महिना ७५ रुपये. त्याच वर्षी राज्यात मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात मुलांकडून पोटगी मागता येते, प्रांताधिकाऱ्यापुढे दाद लागते, आणि म्हाताऱ्याला टाकून देणाऱ्यास तीन महिने कैद किंवा पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कौटिल्याचे बारा पण आठवावेत. प्रत्येक जिल्ह्यात गोरगरीब वृद्धांसाठी किमान दीडशे जणांचे घर असावे असे एकोणिसावे कलम म्हणते; परंतु सरकार ‘काढू शकेल’ अशा भाषेत म्हणते. मुलासाठी ‘केलेच पाहिजे’ आणि सरकारसाठी ‘करू शकेल’, ही कायद्याची व्याकरणशुद्ध गंमत आहे. २०२३ साली निराधारांचे अनुदान एक हजारावरून दीड हजार झाले. केंद्राचा वाटा मात्र साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या वृद्धासाठी दोनशे रुपयांवर ठेपला आहे, तो २००७ पासून हललेला नाही.

हे सगळे पैशाचे झाले. पैशाने भाकरी येते. भाकरी मोडून तोंडात घालणारा हात येत नाही. हा फरक आमच्या जिल्ह्याला एकदा फार कठोरपणे शिकावयास मिळाला. १९९३ साली अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक निजले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंतींनी निजलेल्यांचा घास घेतला. सरकारने आणि जगभरच्या दात्यांनी जे केले ते थोडके नव्हे; बावन्न गावे नव्या जागी उभी राहिली. रस्ते रुंद, प्लॉट चौकोनी, घरे सुटी सुटी. अभियंत्याच्या दृष्टीने चोख काम. पण जुन्या गावात एका भिंतीला दोन घरे होती, हाक मारली की शेजारीण ओ देई. अंध माणसाला गल्ली हाताच्या पंजाने पाठ असे: येथे कोनाडा, येथे ओटा, येथे मारुतीची पायरी. नव्या गावात हात लावावयास भिंतच नव्हती. त्या मोकळ्या चौकोनांत आधी एकटी पडली ती म्हातारी आणि अधू माणसे. घर बांधून देता आले, शेजार बांधून देता आला नाही. भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला ‘आपलं घर’ काढले आणि ती मुले तेथे वाढली, शिकली. मुलांसाठी अशी माणसे धावून येतात, कारण मूल मोठे होणार असते. म्हाताऱ्याला सांभाळून पुढे काही दिसावयाचे नसते. तेथे उत्साह पुरत नाही, पगारी आणि बांधलेली माणसेच लागतात.

सरकारी माणूस गावात नेमणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी अंगणवाडीकडे पाहावे. १९७५ साली ती योजना निघाली तेव्हाही हेच म्हटले गेले होते. आज वाडीवस्तीवर अंगणवाडीताई आहे, २००५ नंतर आशाताई आहे. मूल पोटात असल्यापासून सहा वर्षांचे होईपर्यंत त्याचे वजन घेणारी, डोस पाजणारी बाई सरकारने गावोगाव उभी केली. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र गावात सरकारचे असे कोणीच नाही. २०११ च्या शिरगणतीत देशात साठीपुढची माणसे दहा कोटींवर होती, आणि विकलांग म्हणून नोंद झालेले पावणेतीन कोटींच्या आसपास. मुले पुण्याला, मुंबईला, हैदराबादला गेली. ऊसतोडीला जोडपीच्या जोडपी सहा-सहा महिने जातात. मागे गावात म्हातारीच म्हाताऱ्याला उचलते. दोघांतले कोण आधी पडेल एवढाच प्रश्न.

आणि हे स्वप्नरंजन नव्हे. केरळात कोझिकोडला १९९३ सालीच (आमच्याकडे जमीन हादरली तेच साल) काही डॉक्टर मंडळींनी असाध्य रोग्यांच्या वेदनाशमनाचे काम सुरू केले. त्यातून शेजाऱ्यापाजाऱ्यांची पथके झाली, आणि २००८ साली केरळ सरकारने ते धोरण म्हणून स्वीकारले. आता तेथे पंचायतीमार्फत परिचारिका घरोघर जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्या बाईला कुशीवर कसे वळवावे ते शिकविते. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली दीर्घ शुश्रूषेचा विमा सक्तीचा केला. जपानात नगरपालिका घरी माणूस पाठवून पाहते, याला किती मदत लागेल, आणि त्याप्रमाणे मदतनीस येतो. जर्मनीत शुश्रूषा करणाऱ्या सुनेच्या नावे त्या विम्यातूनच पेन्शनीचा हप्ता भरला जातो. १८८३ च्या संहितेतला पाचवा प्रकार तेथे असा सापडतो.

खाजगी संस्थांनी हे करावे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. शहरांत चांगले वृद्धाश्रम आहेत, महिना पंधरा-वीस हजार मोजणाऱ्यांची तेथे सोय होते. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पण ज्याच्या हातात महिन्याला दीड हजार पडतात त्याच्या दारी कोणता व्यापारी येणार? आणि धर्मादायाने सगळे भागले असते तर तुळजापूरच्या पायऱ्या केव्हाच मोकळ्या झाल्या असत्या. सरकारी कामात ढिलाई असते, अरेरावी असते, हे जाणून मी म्हणतो. भिंती बांधणारे सरकार आम्ही पाहिले आहे. ते पुन्हा नको. आठवड्यातून तीनदा गल्लीत येणारी, पगारी, शिकलेली बाई वा बाप्या, त्याच्या पिशवीत साबण, पट्टी, तेल आणि थर्मामीटर, आणि तो न आला तर ग्रामसभेत ज्याचे नाव घेता येईल असा: एवढेच मागणे आहे. अंगणवाडीला जो खर्च लागला त्याहून ते वेगळ्या जातीचे नाही.

सध्या वर्षातून एकदा निराधारांच्या यादीतल्या प्रत्येकाला आपण जिवंत असल्याचे सिद्ध करावे लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. जळकोटच्या म्हाताऱ्याला कोणी रिक्षात घालून नेते, कोणी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेते. रानात आयुष्य गेलेल्या बोटांवरच्या रेघा झिजलेल्या असतात. यंत्रावर अंगठा उठत नाही. मग तो पुसतात, पुन्हा ठेवतात, थोडे पाणी लावतात, दुसऱ्या हाताचा घेऊन पाहतात. उठला, की काम झाले. नेणारा त्याला घरी आणून बाजेवर निजवितो, उशाशी तांब्या ठेवतो, दार ओढून घेतो आणि रानात जातो.